मला आकाशावर धरू नका

मी एक जुना, ओरखडे पडलेला टेस्टर आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी "मला जपा, मला फेकू नका" असं रडगाणं गातात. मला जपू नका. उद्या भंगारात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, माझं ऐकून घ्या. माझ्यात डोकावून पाहताना झालेल्या एका चुकीपायी एका भल्या माणसाचं नाव मातीत गेलं, आणि तेव्हा मी सगळं ठाऊक असूनही गप्प पडून होतो.

टेस्टर म्हणजे काय, ते आधी सांगतो. मी वीतभर लांबीची, जाड पारदर्शक प्लास्टिकची नळी आहे. बूड बंद, तोंड उघडं आणि तोंडाच्या मधोमध पितळेची एक काडी. छोट्या विमानाच्या पंखांत पेट्रोलच्या टाक्या असतात आणि पंखाखाली प्रत्येक टाकीला एक बारीक झडप असते. माझी काडी त्या झडपेत खुपसून वर दाबली की टाकीच्या तळातलं पेट्रोल माझ्यात उतरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाला बसतं आणि सगळ्यांत आधी माझ्यात येतं. मग माझ्यात वर पेट्रोल, खाली पाणी आणि मध्ये एक रेघ दिसते. रेघ दिसली की ते फेकायचं आणि पुन्हा नमुना घ्यायचा, नुसतं पेट्रोल येईपर्यंत. विमानाचं पेट्रोल ओळखू यावं म्हणून त्याला मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो. पाण्यावर इंजिन चालत नाही, आणि हवेत बंद पडलेलं विमान रस्त्याच्या कडेला लावून मिस्त्रीला बोलावता येत नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी ही दोन मिनिटं माझ्यासाठी राखून ठेवायची असतात.

मला कालिंदी खानझोडेने नागपूरच्या एका दुकानातून विकत घेतलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि विमान शिकत होती. तिचे वडील शरदचंद्र मध्य प्रदेशात बालाघाटला लोकनिर्माण खात्यात अभियंता होते. घरात मोजपट्ट्या, पेन्सिली, छत्र्या सगळ्यांवर नावं घातलेली. मी घरी आलो त्याच संध्याकाळी त्यांनी सुई तापवली आणि माझ्या बुडावर "का. खा." अशी अक्षरं कोरली. चटका बसला, पण मला अभिमान वाटला. ते लेकीला म्हणाले, "वस्तूवर नाव असावं. हरवली तर परत येते, आणि माणसाला ती माझी नाही असं म्हणता येत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं, तिने ठेवलं नाही.

कालिंदी शिकली, वैमानिक झाली आणि पुढे बालाघाटच्या बाहेर, लामत्याच्या बाजूला असलेल्या एका हवाई पट्टीवर मुलांना उडायला शिकवू लागली. शाळा लहानशी. तीन विमानं, पत्र्याचा एक हँगर, पंधरा-वीस मुलंमुली. कारभार महेंद्र साहेबांच्या हातात. कालिंदी हुशार होती यात शंका नाही. वारा आडवा असला तरी ती विमान असं उतरवायची की आतल्याला कळू नये. पण तिला एक लकब होती. नमुना घेतला की ती मला दोन्ही हातांत धरून डोक्यावर उंच न्यायची, मान मागे टाकायची आणि आकाशाकडे बघायची. सकाळी नदीत उभं राहून सूर्याला अर्घ्य देतात ना, तशी.

मुलांना ते फार आवडायचं. कुणीतरी तिचा तसा फोटो काढला आणि तो शाळेच्या माहितीपत्रकावर छापला गेला. पुढच्या वर्षी महेंद्र साहेबांनी पेंटर बोलावून हँगरच्या भिंतीवर तेच चित्र पुरुषभर उंचीचं काढून घेतलं. निळं आकाश, हात उंचावलेली कालिंदी आणि तिच्या हातात मी. मुलं त्याला "कालिंदी मॅम का स्टाइल" म्हणायची आणि तसंच करायची. मी खोटं बोलणार नाही, मीही फुशारून गेलो होतो. टेस्टरचं चित्र कोण काढतं? त्या कौतुकात मी माझं काम विसरलो, हा माझा गुन्हा आहे आणि तो मी आधीच कबूल करतो.

त्या शाळेत मला योग्य मान देणारा एकच माणूस होता. तेजराम फुंडे, राजेगावचा, इंजिनाचा मिस्त्री. बावीस वर्षं विमानांच्या इंजिनात हात घातलेला. कधी त्याच्यावर नमुना घ्यायची पाळी आली तर तो मला उंच वगैरे धरायचा नाही. खाली बसायचा, पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर मला धरायचा आणि डोळे बारीक करून रंग बघायचा. मग मला नाकाशी न्यायचा. मग दोन थेंब बोटावर घेऊन फुंकर मारायचा. पेट्रोल असेल तर बोट गार पडून झटकन सुकतं. मुलं हसायची. "काका तो चाय जैसा सूंघते हैं," म्हणायची. तेजराम पुन्हा फुंकर मारायचा.

आता ती सकाळ.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. जाता जाता पावसाने तीन दिवस झोडपलं होतं. हँगरमध्ये दोनच विमानं मावायची, म्हणून तिसरं बाहेर भिजत उभं होतं. त्याच्या डाव्या टाकीच्या झाकणाचं रबरी वॉशर चिरलं होतं. तेजरामने ते महिनाभर आधीच पाहिलं होतं आणि महेंद्र साहेबांना सांगितलंही होतं. मी तेव्हा टेबलावरच होतो, म्हणून मला ठाऊक आहे.

"वहीत लिवू का, साहेब?" त्याने विचारलं होतं.

"वहीत कशाला रे? तपासणीवाले येतात तेव्हा वहीच वाचतात. तू तोंडी सांगितलंस ना, झालं. मागवतो मी."

ही त्या शाळेची रीत होती. चांगलं असेल ते वहीत आणि बिघडलेलं असेल ते तोंडी. वही इतकी स्वच्छ की देव्हाऱ्यात ठेवावी. वॉशर काही आलं नाही.

त्या सकाळी आकाश धुऊन काढल्यासारखं निळं होतं. कालिंदीला विमान एकटीने एकदा वर नेऊन तपासायचं होतं, मग मुलांना देणार होती. इंजिन पाहिल्याच्या कागदावर तेजरामची सही झाली होती. टाकीचा नमुना घेणं वैमानिकाचं काम. ती मला घेऊन डाव्या पंखाखाली वाकली, तेव्हा तेजराम हात पुसत जवळ आला.

"म्याडम, ही टाकी नीट पाहाजा जी. झाकनाचं वायसर चिरलं हाय. तीन दिस पानी पडून राह्यलं होतं."

"पाहते, काका."

तिने माझी काडी झडपेत दाबली. मी भरलो. मित्रांनो, मी काठापर्यंत भरलो आणि माझ्यात पेट्रोलचा एक थेंब नव्हता. नुसतं पाणी होतं. टाकीच्या तळात इतकं पाणी साचलं होतं की पेट्रोलची पाळीच आली नाही. आणि जिथे पेट्रोलच नाही, तिथे रेघ कुठून येणार?

तिने मला डोक्यावर उंच धरलं. मान मागे टाकली. माझ्यातून तिला मागचं निळं आकाश दिसलं आणि तिला वाटलं, पेट्रोल निळं आहे.

"एकदम साफ, काका. एक रेघ नाही."

"वास घेतला का जी?"

ती हसली. "काका, मी काय अत्तराच्या दुकानात आले आहे?"

मी ओरडायला हवं होतं. मला तोंड आहे, पण ते फक्त भरायला. तिने मला रिकामं केलं, खिशात घातलं आणि विमानात बसली. नळ्यांमधल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झालं, पट्टीच्या टोकापर्यंत धावलं आणि हवेत चढलं. खाली राइस मिलचं छप्पर दिसू लागलं तेव्हा टाकीतलं पाणी इंजिनात पोचलं आणि ते खोकलं. दोनदा. मग थांबलं.

तिने विमान सावरलं, हे खरं. मिलवर पडू दिलं नाही, विजेच्या तारांवर नेलं नाही. समोर भाताच्या बांध्या होत्या, पाण्याने भरलेली खाचरं. तिथे तिने ते टेकवलं. चाकं धुऱ्यात, मातीच्या बांधात अडकली आणि विमान उलटं झालं. मी तिच्या खिशात होतो. पालथ्या विमानात पट्ट्याला लटकलेली कालिंदी आणि खिडकीतून आत येणारं चिखलाचं पाणी, एवढं मला आठवतं. पहिला पळत आला तो तेजराम. गुडघाभर चिखलातून त्याने तिला ओढून काढलं.

यानंतर जे झालं, त्याने माझं डोकं अजून फिरतं.

चौकशीला दोन माणसं आली. टाकीत पाणी सापडलं. पण विमानच पाण्यात पालथं पडलेलं, तेव्हा ते पाणी बांधीतलंच, असं त्यांनी धरलं. त्यांनी कालिंदीला विचारलं, नमुना घेतला होता का? ती दवाखान्यात होती. म्हणाली, "घेतला. स्वच्छ होता. एक रेघ नव्हती." तिला ते खरंच वाटत होतं, म्हणून तेव्हाचं मी तिला माफ करतो. पण नमुना स्वच्छ म्हणजे पेट्रोल चांगलं, पेट्रोल चांगलं म्हणजे दोष इंजिनात, आणि इंजिनाच्या कागदावर सही कोणाची? तेजरामची. तेजराम म्हणाला, मी साहेबांना वॉशरचं सांगितलं होतं. महेंद्र साहेबांनी वही पुढे केली. वहीत काही नव्हतं. मग तेजराम म्हणाला, म्याडमलाही सांगतलो होतो. कालिंदी म्हणाली, हो, सांगितलं होतं, म्हणूनच तर मी नीट पाहिलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे.

तेजरामचा परवाना गेला आणि नोकरीही गेली. राजेगावात विमानाला जहाज म्हणतात; लोक त्याला "जहाज पाडनारा मिस्त्री" म्हणू लागले. धानाच्या मिलवाल्यानेसुद्धा त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. बावीस वर्षं विमानं दुरुस्त केलेल्या माणसाने गोंदियाच्या रस्त्याला सायकलची पंक्चरं काढायचं दुकान टाकलं. आणि कालिंदीचा सत्कार झाला. मिल वाचवली म्हणून शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. शरदचंद्रांनी ते कात्रण फ्रेम करून बैठकीत लावलं. शाल नव्हती ती, माझ्या मते त्या पाण्यावर टाकलेलं पांघरूण होतं.

कालिंदीच्या कानाला मार बसला होता. तिचा तोल जाऊ लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आता उडायचं नाही. मला तिने कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या नकाशांच्या खाली टाकलं. तिथे मी दीड वर्ष पडून होतो. एक झुरळ माझ्यात राहून गेलं. मला त्याचं दुःख नाही. मला तेजरामचं दुःख होतं.

मग तिने अर्ज केला, मुलाखत दिली आणि विमानांची सुरक्षितता तपासणारी निरीक्षक म्हणून सरकारी नोकरीत लागली. ज्याला उडता येत नाही त्याने उडणाऱ्यांवर नजर ठेवायची. प्रशिक्षणाला दिल्लीला जाताना तिने जुनी आठवण म्हणून मला बॅगेत टाकलं. तिथल्या वर्गात एक वयस्क शिक्षक होते. एके दिवशी त्यांनी फळ्यावर माझ्यासारखीच एक नळी काढली आणि विचारलं, नमुन्यात रेघ नसेल तर त्याचा अर्थ काय? सगळे म्हणाले, पेट्रोल स्वच्छ आहे. ते म्हणाले, "किंवा सगळंच पाणी आहे. म्हणून पांढऱ्यावर धरायचं, आकाशावर नाही. आणि वास घ्यायचा. आकाशावर तर विहिरीचं पाणीही निळंच दिसतं."

त्या संध्याकाळी कालिंदीने खोलीवर मला बॅगेतून काढलं. नळाखाली भरलं. खिडकीबाहेरच्या आकाशावर धरलं. मी निळा दिसलो. मग तिने मला पांढऱ्या भिंतीसमोर धरलं आणि ती खाली बसली.

मला वाटलं, झालं. आता ही फोन करेल. आता ही पत्र लिहील. तिने मला रिकामं केलं, पुसलं आणि परत बॅगेत ठेवलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून तेरा महिने ती गप्प राहिली. न कळून केलेली चूक मी समजू शकतो. कळल्यावर मूग गिळून बसणं मला समजत नाही. नवी नोकरी होती, वडिलांनी लावलेली फ्रेम होती, सगळं मान्य. तिकडे तेजराम घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता, हे तिला माहीत होतं. बालाघाटला येता-जाता तिची बस राजेगावावरूनच जायची. त्या ठिकाणी ती मोबाइलमध्ये डोकं घालायची.

आणि निरीक्षक म्हणून ती किती कडक! कुठल्या गावी आग विझवायच्या नळकांड्याची तारीख उलटली, ती पकडायची. कुठे सही एक दिवस उशिरा झाली, ती पकडायची. लोक तिला चळचळा कापायचे. मी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून सगळं बघायचो आणि मनात म्हणायचो, दुसऱ्यांच्या वह्या वाच, बाई. तुझ्या वहीतलं पान कोरं आहे ते कोण वाचणार?

गेल्या सप्टेंबरात बालाघाटच्या त्याच शाळेच्या तपासणीचा कागद आला. कालिंदीने वरिष्ठांना सांगितलं की ही माझी जुनी शाळा आहे. ते म्हणाले, वीरेंद्रजी मुख्य असतील, तुम्ही सोबत जा, तुम्हाला जागा ठाऊक आहे. वीरेंद्रजी शांत, कमी बोलणारे निरीक्षक होते. दोघे सकाळी पट्टीवर पोहोचले. आदले दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि ऊन स्वच्छ होतं. भिंतीवरचं चित्र थोडं फिकं झालं होतं, पण होतं. महेंद्र साहेब हात जोडून पुढे आले.

"अरे, आपली कालिंदी! आज तर घरचीच तपासणी. या, या."

त्या दिवशी समीक्षा नावाची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडणार होती. रामपायलीची, वीस वर्षांची. पहिलं एकटं उड्डाण करून उतरलेल्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची त्या शाळेत पद्धत आहे. हँगरच्या दाराशी बादली भरून ठेवलेली होती आणि मुलं तिच्याभोवती खिदळत होती. वीरेंद्रजी म्हणाले, मुलगी उड्डाणाआधीची तपासणी कशी करते, ते आपण पाहू.

समीक्षाने सगळं क्रमाने केलं. चाकं, पंख, दिवे. मग शाळेचा टेस्टर घेऊन ती डाव्या पंखाखाली वाकली, नमुना भरला, दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला आणि मान मागे टाकली. अगदी चित्रातल्यासारखी. तिला ठाऊक होतं की चित्रातली बाई समोर उभी आहे, म्हणून जरा जास्तच नीट केलं.

"बिलकुल साफ, मॅम," ती म्हणाली. "एक भी लाइन नहीं है."

कालिंदीने समीक्षाच्या हातातल्या नळीकडे पाहिलं. मग तिचा हात बॅगेत आला. अपघातानंतर पहिल्यांदा तिने मला पंखाखाली नेलं. माझी काडी झडपेत गेली आणि मी भरलो. ती ओळख मला कधीच विसरता येणार नाही. तोच जडपणा, तोच बेचव गारवा. पाणी. काठापर्यंत. तीन वर्षांत त्या शाळेने विमान बदललं होतं, झाकणाचं वॉशर बदलायची सवय लावून घेतली नव्हती.

कालिंदीने मला पंखाच्या पांढऱ्या रंगासमोर धरलं. मग समीक्षाच्या तळहातावर माझ्यातलं थोडं ओतलं.

"वास घे."

"वास नाही येत आहे, मॅम."

"कशाचाच?"

समीक्षाने पुन्हा नाक लावलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने आधी हाताकडे पाहिलं, मग विमानाकडे आणि ती पंखाला टेकून उभी राहिली.

"अशी धरायला कोणी शिकवलं तुला?" कालिंदीने विचारलं.

त्या पोरीने भिंतीकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, माझा सगळा राग त्या बोटाच्या टोकावर येऊन उभा राहिला होता. ज्या चित्रात मी मिरवत होतो, ते चित्र एका पोरीला मरायला शिकवत होतं. दहा मिनिटांनी ती हवेत असती. तिथे तिला ओढून काढायला तेजरामही नव्हता.

महेंद्र साहेब पुढे झाले. "मॅडम, अहो वॉशरच आहे. उद्या मागवतो. वीरेंद्रजी, तोंडी समज द्या ना, वहीत कशाला? घरची गोष्ट आहे."

तोंडी. त्या शब्दाने कालिंदीची मान वर आली. तिने वही मागवली आणि उभ्यानेच लिहू लागली. तिन्ही विमानं बंद, वॉशर बदलून पुन्हा तपासणी होईपर्यंत. एवढं लिहून तिचं पेन थांबलं. मग तिने वीरेंद्रजींकडे एक कोरा कागद मागितला.

"सर, अजून एक लिहायचं आहे. माझं स्वतःचं."

महेंद्र साहेबांना काय ते लगेच कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "सोच लीजिए, मॅडम. हे लिहिलंत तर पहिली चौकशी तुमचीच होईल. नोकरी जाईल. बाबांना काय सांगाल?"

"तेरा महिने सोचूनच राहिले आहे," ती म्हणाली.

तिने एक पान लिहिलं. वीरेंद्रजींनी ते वाचलं, खाली सही केली आणि तारीख घातली.

तिथून ती थेट राजेगावला गेली. तेजराम दुकानासमोर बसला होता, पुढ्यात पाण्याचं घमेलं. केस पांढरे झाले होते. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, मला मधे ठेवलं आणि सगळं सांगितलं. रडली नाही, हे बरं केलं. रडली असती तर माझा राग दुप्पट झाला असता.

तेजरामने ऐकून घेतलं. मग त्याने मला उचललं, घमेल्यात बुडवलं, भरलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

"हाय का रेघ?"

"नाही, काका."

"मी त्या दिसीच वळखलो होतो जी. तुम्हाले बांधीतून काढलो तवाच." त्याचा आवाज चढला नाही. "पन माह्यं कोन आयकते? मी मिस्त्री. तुमी क्याप्टन. तुम्हाले समजलं तरी तेरा मयने काहून नाही सांगतलं?"

"भ्याले."

"हौ. भेलात. अन् मले लोकं जहाज पाडनारा म्हनून राह्यले. माह्या नातवाले शाळेत पोट्टे तेच म्हनतेत."

कालिंदी म्हणाली, "मी काय करू, काका? तुम्ही सांगा."

तेजरामने मला रिकामं केलं आणि सदऱ्याच्या टोकाने आतून पुसलं.

"आधी ते भितीवरचं चित्र पुसा जी. पोट्टे तेच पाहून शिकून राह्यले. माह्या नावाचं मंग पाहू." मग तो म्हणाला, "अन् जे सांगतलं ते लिवून द्या. तोंडी नोको. तोंडी सांगूनच मी मेलो."

तिने वीरेंद्रजींनी सही केलेल्या पानाची प्रत त्याच्या हातात दिली. त्याला वाचायला वेळ लागला. एक ओळ त्याने दोनदा वाचली: "मिस्त्री तेजराम फुंडे यांनी त्या सकाळी मला टाकीत पाणी असू शकेल असं स्पष्ट सांगितलं होतं आणि वास घ्यायला सुचवलं होतं. मी हसले." त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. तिने माफी मागितलीही नाही. मला ते योग्य वाटलं.

जुनी चौकशी पुन्हा उघडली. पाच महिने लागले. नव्या अहवालात इंजिनात दोष नव्हता असं छापून आलं आणि तेजरामला परवाना परत मिळाला. कालिंदीला तपासणीच्या कामावरून काढून एका टेबलाशी बसवलं आहे आणि तिच्याबद्दलचा निर्णय अजून व्हायचा आहे. शरदचंद्रांनी बैठकीतली फ्रेम स्वतः उतरवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला विचारलं, "टेस्टरवर नाव आहे ना अजून?" ती हो म्हणाली.

तेजरामला शाळेने परत बोलावलं. तो लगेच गेला नाही. आधी वहीत लिवाची मुभा द्या, मंग येतो, म्हणाला. आता तो रोज सकाळी लाल पुठ्ठ्याच्या वहीत बिघाड लिहितो आणि महेंद्र साहेबांना कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून त्याखाली सही करावी लागते. हँगरच्या भिंतीवरचं ते चित्र तेजरामने स्वतः चुन्याने पुसलं. दोन हात दिले. आता तिथे नुसती पांढरी भिंत आहे, तिच्यात एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला मी टांगलेला आहे. कालिंदीने मला तिथेच ठेवून दिलं. मुलं नमुना घेतात, मला या भिंतीसमोर धरतात, वास घेतात, बोटावर फुंकर मारतात आणि मग लिहितात. समीक्षाचं एकटं उड्डाण डिसेंबरात झालं. बादली तीच होती.

माझा राग गेला का? नाही, मित्रांनो. तीन वर्षं एका माणसाने दुसऱ्याची चूक पाठीवर वाहिली, ती त्याला कोणी परत देणार नाही. म्हणून तुम्हाला एकच सांगतो. स्वच्छ दिसणाऱ्या गोष्टीवर लगेच भाळू नका, मग ती टेस्टरमधली असो नाही तर वहीतली. मळके कपडे घातलेला माणूस वास घे म्हणाला तर हसू नका. आणि चूक कळली की त्याच दिवशी कागद मागा, तेरा महिन्यांनी नाही.

नवीन आलेली मुलं कधीकधी मला उलटं करतात आणि बुडावरची अक्षरं वाचून तेजरामला विचारतात, काका, ये का. खा. कौन है?

तेजराम हातातलं काम थांबवत नाही.

"होती एक म्याडम," तो म्हणतो. "तिनं पानी पाह्यलं नाही. मंग लय दिसानं, पन लिवून देल्लं."